सेलिकाचा पत्रा कापण्याआधी

पुढच्या चाकांवर चालणारी एखादी देखणी कूपे घ्यायची, तिचं आडवं इंजिन काढून तिथे उभं इंजिन बसवायचं, तळाखालून प्रॉपेलर शाफ्ट मागे न्यायचा, मागे डिफरन्शियल टांगायचं आणि म्हणायचं, आता ही खरी स्पोर्ट्स कार झाली. गाड्यांचं वेड असलेली चार मुलं कुठेही जमली की हा विषय निघतोच. त्यामागचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. पुढची चाकं गाडी वळवतात आणि ओढतातही. दोन्ही कामं एकाच टायरवर पडल्यामुळे वळणावर गाडी नाकाने बाहेर पळते. ओढण्याचं काम मागच्या चाकांना दिलं की दोष संपला. मी पंचवीस वर्षं चाकणच्या पट्ट्यात सस्पेन्शनचं काम केलं आहे. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागापायी चांगल्या गाड्या कापल्या जात आहेत. म्हणून हे लिहितो आहे.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे २००३ सालची टोयोटा सेलिका जीटी-एस आहे. सेलिकाची ही सातवी आणि शेवटची पिढी: १९९९ मध्ये आली, २००६ मध्ये बंद झाली. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा गाडी चार स्टँडवर चढवलेली होती आणि गॅरेजच्या भिंतीवर कागद चिकटवलेले होते. इंजिन टोयोटाच्याच अल्टेझा या मागच्या चाकांच्या गाडीचं, गिअरबॉक्स तिचाच, डिफरन्शियल आणखी कुठल्या तरी गाडीचं, असा सगळा बेत रंगीत पेनांनी काढलेला. "दादा, बोगदा आहेच की तयार," टॉर्च माझ्या हातात देत तो म्हणाला, "शाफ्ट त्यातूनच न्यायचा."

मी पाठीवर आडवा होऊन खाली सरकलो. बोगदा होता, पण उथळ. त्यातून सायलेन्सरचा पाइप गेलेला आणि त्याच्यावर उष्णता अडवणारा पातळ पत्रा. पाइपच्या वर मूठ घालून पाहिली, ती अडकली. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आडवी पसरलेली, शाफ्ट जायला हवा नेमक्या त्याच वाटेवर. मागचं सस्पेन्शन डबल विशबोनचं, उत्तम रचनेचं. पण दोन्ही बाजूंचे हात मधल्या ज्या सबफ्रेमला धरलेले आहेत, तिथे डिफरन्शियलचा गोळा मावेल अशी पोकळी नाही. मागच्या हबवर बोट फिरवलं. आत दाते कापलेलं आरपार भोक नव्हतं. म्हणजे ॲक्सल घालायचं तर हब, बेअरिंग, नकल, सगळं दुसरं आणायचं आणि मग विशबोनही त्याला जुळवून घ्यायचे.

बाहेर आलो तेव्हा तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. हे सगळं करता येईल, असं मी त्याला सांगितलं, आणि ते खरंच होतं. बोगदा कापून उंच करता येतो. टाकी काढून डिकीत सुरक्षित टाकी बसवता येते. सबफ्रेम नवा घडवता येतो. चांगला वेल्डर आणि मोजमापाची शिस्त असली की पत्र्याचं काहीही होतं. अवघड आहे म्हणून करू नकोस, असा सल्ला मी कोणाला देणार नाही. अवघड कामं करूनच हात बसतो. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. हे सगळं निगुतीने पार पडलं, एकही जोड चुकला नाही, तरी शेवटी हातात काय येतं?

त्याने वजन मोजायचे चार काटे मित्राकडून आणून ठेवले होते, प्रत्येक चाकाखाली एक. दुसऱ्या दिवशी गाडी खाली उतरवून काट्यांवर उभी केली. पुढच्या दोन काट्यांवर मिळून एकूण वजनाच्या ६२ टक्के, मागच्या दोनवर ३८. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही हिशेब मांडला. तो इथे पूर्ण देतो, कारण सगळा वाद याच हिशेबाचा आहे.

गाडी वेग घेते तेव्हा वजन मागे सरकतं. किती, ते वजनकेंद्राची उंची आणि दोन आसांमधलं अंतर यांवर ठरतं. सेलिकाचं हे अंतर २६०० मिलिमीटर. वजनकेंद्र जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरू. कोरड्या डांबरावर टायर स्वतःवरच्या भाराइतकाच जोर लावू शकतो असं धरू. चांगल्या टायरच्या बाबतीत ते वास्तवाच्या जवळ आहे. आता पुढची चाकं ओढत असताना ६२ मधले १० टक्के मागे सरकतात, पुढे ५२ उरतात. म्हणजे गाडीला जास्तीत जास्त प्रवेग मिळतो तो गुरुत्वाच्या ०.५२ पट. तिलाच मागच्या चाकांवर आणली. गिअरबॉक्सचा काही भाग मागे गेला, डिफरन्शियल मागे आलं, पुढचं वजन ६० वर उतरलं असं धरू. मागे ४० टक्के. वेग घेताना त्यांत साडेनऊची भर पडते, झाले साडेएकोणपन्नास. प्रवेग ०.४९५. एवढा पत्रा कापून, एवढे सांधे जोडून गाडीची पकड थोडी कमीच झाली.

ओल्या रस्त्याचा हिशेब आणखी बोलका आहे. पकड निम्मी धरली तर मूळ गाडीला ०.२८ मिळतात, बदललेल्या गाडीला ०.२२. खूप खटपट करून, बॅटरी डिकीत नेऊन, इंजिन शक्य तेवढं मागे रेटून पुढचं वजन ५५ टक्क्यांवर आणलं, तर कोरड्यात ०.५६ मिळतात. मूळ गाडीपेक्षा जेमतेम जास्त. ओल्यात मात्र ०.२५, अजूनही कमीच. आणि हा फरक जाणवणार कधी? १८० अश्वशक्तीच्या या गाडीत कोरड्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ना पुढची चाकं घसरतात ना मागची. इतका सारा खटाटोप पहिल्या गिअरमधल्या काही सेकंदांसाठी.

"पण वळणावर?" त्याने विचारलं. बरोबर विचारलं, कारण या मंडळींचा मुख्य मुद्दा वळणाचाच असतो. वळणात शिरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. तेव्हा कुठल्या चाकांना ताकद जाते हा प्रश्नच नाही; नाकावर किती ओझं आहे एवढाच प्रश्न आहे. टायरवरचा भार वाढतो तशी त्याची वळवण्याची ताकदही वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. ६२ टक्के ओझं वाहणाऱ्या पुढच्या टायरांची गत तीच. ओझं ६० वर आलं म्हणून गाडीचं नाक अचानक हलकं होत नाही. नाकाने बाहेर पळण्याचा दोष ज्या चाकांच्या माथी मारला जातो, त्यातला मोठा वाटा त्या चाकांच्या पुढे लटकणाऱ्या इंजिनाचा आहे.

मग इंजिन मागे सरकव, असं कोणी म्हणेल. इथेच गाडीची मूळ रचना आडवी येते. मुळापासून मागच्या चाकांवर आखलेल्या गाडीत पुढचा आस आणि इंजिनामागचा पत्रा, म्हणजे फायरवॉल, यांत भरपूर अंतर राखलेलं असतं. इंजिन उभं, आसावरून मागे सरकवून बसवता यावं म्हणूनच त्या गाड्यांना लांब नाक असतं. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन आडवं, आसाच्या पुढे. आस फायरवॉलला जवळजवळ चिकटलेला. मावसभावाच्या गाडीत मी वितीने मोजलं, दीड वीतही भरली नाही. त्या जागेत उभं इंजिन घालायचं तर ते पुढे रेडिएटरकडे पसरणार, म्हणजे ओझं आणखी नाकावर. नाही तर फायरवॉल कापून ते माणसांच्या पायांत आणायचं; मग स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचं पेडल, वायपरची यंत्रणा, हीटर, डॅशबोर्ड, सगळंच हलवायचं. गाडीत ज्या जागेत कोणी काही बदलू नये, तीच ही जागा: समोरून धडक बसली तर पाय वाचवणारा पत्रा.

आता इतिहासाकडे, कारण "पुढच्या चाकांची गाडी खरी स्पोर्ट्स नव्हेच" हे वाक्य इतिहासाच्या थाटात फेकलं जातं. एरिक कार्लसन या स्वीडिश चालकाने १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली, १९६२ आणि ६३ मध्ये माँटे कार्लो जिंकली. गाडी साब ९६, पुढच्या चाकांची, तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची, एक लिटरहूनही लहान. डाव्या पायाने ब्रेक दाबत आणि उजव्या पायाने इंजिनाचा जोर टिकवत तो गाडीची शेपूट हवी तेवढी फिरवायचा. नंतर मिनी कूपर एसने १९६४, ६५ आणि ६७ साली माँटे कार्लो जिंकली. हे जुनं झालं म्हणाल तर १९९९ घ्या. जागतिक रॅली स्पर्धेत सगळ्या बलाढ्य कंपन्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या पळवत होत्या, आणि फिलिप ब्युगाल्स्कीने फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सित्रोएन झारा किट कारने कातालुन्या आणि कोर्सिका या डांबरी रॅली सलग जिंकल्या. गटातला पहिला म्हणून नाही, सगळ्यांत पहिला म्हणून. हलकी गाडी, डांबर, नेमकी बांधणी. पुढच्या चाकांनी ओढणं त्यात कुठे अडलं नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांत होंडाची इंटेग्रा टाइप आर पाहा. १९९५ मध्ये जपानात आली, १.८ लिटरच्या इंजिनातून २०० अश्वशक्ती, हेलिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, बॉडीला जादा वेल्डिंग. ज्यांनी ती चालवली ते आजही तिची आठवण काढतात, आणि ती कोणत्या चाकांवर चालते हे त्यांना शेवटी आठवतं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. ओढणाऱ्या पुढच्या चाकांना मर्यादा आहे. टायरची पकड एकच असते. ती वळण्यात घालवा नाही तर ओढण्यात. ताकद तीनशे अश्वशक्तीच्या आसपास गेली की स्टिअरिंग हातातून खेचलं जाऊ लागतं. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये ३०५ अश्वशक्ती पुढच्या चाकांना दिली तेव्हा नकलची रचनाच बदलावी लागली. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा चाकाच्या मध्याजवळ आणली. त्याच्याही वर जायचं असेल, तर मागची चाकं हवीत हे मला कबूल आहे. पण १८० अश्वशक्तीची सेलिका कापणाऱ्याने ही सबब सांगू नये.

थोडा जाणकार असेल तो वेगळा डाव टाकतो. तो म्हणतो, मी जुनी सेलिका घेईन. तिची चारही चाकांची बहीण, जीटी-फोर, आहेच. कार्लोस साइन्झ १९९० आणि ९२ मध्ये जिच्या जोरावर जगज्जेता झाला, तिचंच कूळ. त्या गाडीत बोगदा आहे, मागे डिफरन्शियल आहे, टाकी बाजूला सारलेली आहे. फक्त पुढची ॲक्सलं काढायची. हा डाव पहिल्यापेक्षा नक्कीच शहाणपणाचा, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. जीटी-फोरचं इंजिनही आडवंच आहे, पुढच्या आसाच्या पुढेच आहे. त्याच्या बाजूला गिअरबॉक्स, त्याला जोडलेली ट्रान्स्फरची पेटी. ताकद तिथे काटकोनात वळून शाफ्टमध्ये जाते. पुढची ॲक्सलं काढली म्हणजे मधलं डिफरन्शियल पक्कं करावं लागतं, नाही तर सगळा जोर मोकळ्या बाजूला वाया जातो. आणि ते पक्कं केलं की दोन आसांत वाटला जाणारा जोर आता एकट्या त्या काटकोनातल्या दात्यांवर येतो. हे सगळं सोसूनही गाडीचं नाक पूर्वीइतकंच जड. चार चाकांची पकड होती ती दोन चाकांची झाली. चांगल्या रॅली गाडीचं असं करू नये.

मग फॉर्म्युला ड्रिफ्टचं उदाहरण येतं. नॉर्वेचा फ्रेडरिक आस्बो २०१५ मध्ये साययन टीसीवर अमेरिकेची ड्रिफ्ट अजिंक्यपद स्पर्धा जिंकला, आणि साययन टीसी ही कारखान्यातून पुढच्या चाकांवर येणारी कूपे. पापाडाकिस रेसिंगने ती मागच्या चाकांवर उभी केली. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण ते काम कशाचं होतं ते पाहा. ड्रिफ्टमध्ये मागच्या टायरची पकड मुद्दाम मोडायची असते. तिथे मागच्या चाकांना ताकद नसेल तर खेळच नाही. गाडी रस्त्यावर जायची नव्हती, आत सुरक्षेचा पिंजरा होता, अनुभवी माणसांचा आख्खा चमू होता, आणि त्या दारांची, छताची ओळख प्रायोजकाला हवी होती. कारण पक्कं होतं, म्हणून उत्तरही पक्कं आलं. आपल्या गॅरेजात दोन शनिवार-रविवार काढून हेच उत्तर आपल्याला लागू पडेल असं समजणं चूक आहे.

इथे महाराष्ट्रात ज्यांना हे करायचं असेल, त्यांच्यासाठी कायद्याचं एक वाक्य पुरे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. रेसट्रॅकसाठीची गाडी वेगळी.

शेवटी उरतो तो आक्षेप, "माझी गाडी, माझी हौस, तुम्ही कोण सांगणारे?" याच्यापुढे मी एरवी गप्प बसलो असतो. पण मी अशा किती तरी गाड्या पाहिल्या आहेत ज्यांची हौस अर्ध्यावर संपली. तळ कापलेला, टाकी काढलेली, दारं भिंतीला टेकवलेली, वायरिंगचा गुंता सीटवर, वर निळं ताडपत्रीचं पांघरूण. मालकाला नोकरी लागली, मूल झालं, शहर बदललं, आणि त्या गाडीला आता कोणी रस्त्यावर आणू शकत नाही, कारण मूळ गाडी उरली नाही आणि नवी झाली नाही. सेलिका २००६ नंतर बनली नाही. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने दर वर्षी काही गाड्यांचा तळ खाल्ला जातो. उरलेल्यांपैकी एक धड गाडी अर्धवट कापून ठेवणं हा माझ्या लेखी तोटा आहे, आणि तो फक्त तिच्या मालकाचा नाही.

इथवर खंडन झालं. आता माझं म्हणणं.

मावसभावाच्या त्याच सेलिकातलं इंजिन, २झेडझेड-जीई, १.८ लिटरचं, सहा हजार फेऱ्यांनंतर दुसऱ्या कॅमचा आवाज लावणारं, ज्या ज्या गाडीत आलं तिथे आडवंच बसलं. सेलिका, कोरोला, मॅट्रिक्स. आणि लोटस एलिस. २००४ मध्ये लोटसने हे इंजिन घेतलं, सेलिकाचाच सहा गतींचा सी६४ गिअरबॉक्स घेतला, आणि हे सगळं आहे तसं आडवं उचलून सीटच्या मागे ठेवलं. डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच होतं, ॲक्सलं दोन्ही बाजूंना निघतच होती. प्रॉपेलर शाफ्ट नाही, बोगदा नाही, वेगळं डिफरन्शियल नाही. पुढची चाकं ओढणारी यंत्रणा एका उचलीत मागची चाकं ढकलणारी झाली. ती एलिस साधारण ८६० किलोंची. सेलिका अकराशेहून जास्त.

ही लोटसची युक्ती नव्हे, जुनी वाट आहे. फियाटने १९७२ मध्ये १२८ या पुढच्या चाकांच्या साध्या गाडीची यंत्रणा सीटमागे नेऊन एक्स१/९ केली. टोयोटाच्या ४ए-जीई या एकाच इंजिनाचं चरित्र पाहिलं तर डोळे उघडतात: एई८६ कोरोलात ते उभं बसून मागची चाकं फिरवत होतं, त्याच वर्षांत कोरोला एफएक्समध्ये आडवं बसून पुढची, आणि १९८४ च्या एमआर२ मध्ये ती आडवी जोडणी सीटच्या मागे गेली. टोयोटाच्या अभियंत्यांना मागच्या चाकांची छोटी गाडी हवी होती, तेव्हा त्यांनी पुढच्या चाकांच्या गाडीला शाफ्ट जोडला नाही. त्यांनी वजन हलवलं.

तोच हिशेब पुन्हा मांडू. मागे ५६ टक्के वजन, बाकी सगळं पूर्वीसारखं. वेग घेताना त्यांत तेराची भर पडते, ६९. कोरड्यात ०.६९. ओल्यात ०.३१, म्हणजे पुढच्या चाकांच्या मूळ गाडीहूनही जास्त. शाफ्टवाल्या गाडीला जे कोरड्यात धड जमलं नाही आणि ओल्यात मुळीच जमलं नाही, ते इथे दोन्हीकडे जमतं. नाकावरचं ओझंही गेलं.

तरीही हा रामबाण आहे असं मी म्हणणार नाही. रेनॉने दोनदा आपली पुढच्या चाकांची छोटी गाडी घेऊन इंजिन मागच्या सीटच्या जागी बसवलं. पहिली १९८० ची रेनॉ ५ टर्बो. रॅलीसाठी केलेली, आणि झाँ राग्नोतीने तिच्यावर १९८१ ची माँटे कार्लो जिंकली. दुसरी क्लिओ व्ही६, तीन लिटरच्या व्ही६ इंजिनाची. ती पुढच्या चाकांच्या आपल्याच बहिणीपेक्षा जवळपास तीनशे किलो जड झाली, आणि मागून अचानक सुटते म्हणून चालकांनी तिला जपूनच चालवलं. कारखान्याने केलं तरी वजनाची किंमत मोजावी लागते. म्हणून मी कोणाला सेलिकाच्या मागच्या सीटवर इंजिन ठेव असंही सांगणार नाही. त्या यंत्रणेला जागा करून ठेवलेली गाडी आधीच अस्तित्वात आहे. एमआर२ स्पायडर, १९९९ ची, टनभर वजनाची, सेलिकाच्याच कुळातलं धाकटं १झेडझेड इंजिन सीटमागे घेऊन चालणारी. तिच्यात सेलिकाचं २झेडझेड जवळजवळ त्याच माउंटवर बसतं. काम राहतं ते ईसीयू आणि वायरिंगचं. आजवर अनेकांनी ते केलं आहे आणि त्यांच्या गाड्या चालतात. बॉडीचा एक इंचही कापावा लागत नाही.

आणि ज्याला सेलिकाच हवी आहे, तिचा आकार, तिची ती कापलेली शेपूट आवडते म्हणून हवी आहे, त्याने तिला ओढणारीच राहू द्यावी आणि चांगली ओढणारी करावी. गिअरबॉक्समध्ये हेलिकल लिमिटेड स्लिप घालावं. आतल्या चाकाचा भार हलका झाला की साधं डिफरन्शियल ताकद तिथेच वाया घालवतं, हे नाही. वळणाच्या मध्यावर पाय दाबला की नाक आत ओढलं जातं, ते पहिल्यांदा अनुभवणारा माणूस गाडी थांबवून उतरतो. मागचा अँटीरोल बार जाड करावा, म्हणजे मागचं टोक फिरायला राजी होतं. पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर द्यावा. चांगले टायर घ्यावेत. चारही सारखे, मागे जुने ढकलून नव्हे. बुश नवे घालावेत. हे सगळं मिळून त्या कापाकापीइतकं खर्चाचं नाही, आणि पुढच्या मालकाला गाडी पुन्हा जशीच्या तशी करता येते.

मग चालवायला शिकावं. ब्रेक थोडा उशिरापर्यंत, वळणात शिरताना हलका होत जाणारा, म्हणजे वजन पुढे राहतं आणि मागची चाकं मोकळी होतात. मी लहानपणी वडिलांबरोबर खंडाळ्याच्या घाटात आमच्या जुन्या, मागच्या चाकांच्या गाडीत बसायचो. पहिल्या पावसात वडील प्रत्येक वळणाआधी बोलणं थांबवायचे, शेपूट सुटेल या धास्तीने. पुढे पुढच्या चाकांची गाडी घरात आली आणि त्याच घाटात त्याच पावसात ते बोलत राहिले. त्या गाडीने वळण घेण्याची रीत वेगळी होती, आणि ती त्यांनी पन्नाशीत शिकून घेतली.

मावसभावाचा परवा फोन आला. सेलिका स्टँडवरून खाली आहे, लिमिटेड स्लिप बसलं, तो रोज तीच घेऊन कामावर जातो. भिंतीवरचे कागद मात्र त्याने काढले नाहीत, त्यांवर नवे चिकटवले. इंजिन खराब झालेली एमआर२ स्पायडर त्याला सापडली आहे. आता तो भंगारवाल्यांकडे दुसरी एक सेलिका शोधतो आहे, अपघातात गेलेली. "मागून ठोकलेली हवी, दादा," तो म्हणाला. "पुढची नको. आपल्याला जे लागतं ते सगळं पुढे आहे."